अर्धा इंच वर घ्या

होडीच्या मागे टांगायच्या इंजिनाबद्दल एक गोष्ट ते विकणारा कधीच सांगत नाही. ते किती उंचीवर बसवायचं हे फक्त पाण्यात कळतं, आणि ती उंची बदलता येते फक्त जमिनीवर. या दोन्हींच्या मध्ये आमच्या देवबागच्या खाडीत सहा तासांची भरती-ओहोटी आणि एक जेवण येतं.

इंजिन मेहुण्याने आणलं. जुनं, टू-स्ट्रोक, 9.9 हॉर्सपॉवरचं. "भावोजी, अशी वस्तू परत मिळायची नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. इंजिनाचा दांडा लांब आणि आमच्या होडीची फळी आखूड, असा योग सहज जुळून येत नाही.

ही इंजिनं दांड्याच्या लांबीप्रमाणे साधारण 15, 20 आणि 25 इंच अशा मापांत येतात. होडीची मागची फळी वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजायची आणि त्या मापाचं इंजिन घ्यायचं, इतकं ते सोपं आहे. आमचं इंजिन 20 चं. फळी भरली 17. सतरा इंच हे माप जगातल्या कुठल्या दांड्यासाठी असतं हे होडी बांधणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तेवढोच प्लाय उरललो."

पंख्याच्या थोडी वर एक आडवी पाती असते. होडीच्या तळाशी ती पाती साधारण समपातळीत हवी; फार तर इंचभर खाली. आमची तीन इंच खाली गेली होती. म्हणजे इंजिनाचा अर्धा जोर होडी पुढे न्यायला आणि उरलेला स्वतःचाच दांडा पाण्यातून ओढायला. पहिल्या फेरीत होडी चालली, पण तिच्या मनात नसताना. मागून पाण्याचा फवारा उडून सरळ मेहुण्याच्या पाठीवर येत होता, आणि तो "पिकप बघा भावोजी!" असं ओरडत होता.

किनाऱ्यावर आलो तर समिती जमलेली. देवबागात माणूस एकटा बसून जाळं विणत असेल तर त्याला कोणी काही विचारत नाही, पण हातात पाना घेतला की गाव गोळा होतं. एक म्हणाला वर घ्या. दुसरा म्हणाला उंचीला हात लावू नका, कोन बदला, ती पिन दुसऱ्या भोकात घाला. तिसऱ्याला पिन आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच मान्य नव्हतं. ज्यांच्या घरात होडी नाही त्यांची मतं सगळ्यांत ठाम होती. शेवटी आबा आले. आबांचा जन्म वल्ह्यावर गेलेला. त्यांनी इंजिनाकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वर घेतलंस तर वारो खातला, खाली घेतलंस तर पेट्रोल खातला. उपाशी रवणारा मशीन अजून कोणी काढूक नाय."

यापेक्षा नेमकं मी इंजिनाच्या माहितीपुस्तकातही वाचलेलं नाही.

वर घ्यायचं ठरलं. फळीवर सागवानी ठोकळा बसवून उंची वाढवायची. मालवणहून मेस्त्री आले, ते ओहोटीला. हे काम ओहोटीलाच होतं, कारण होडीचा मागचा भाग कोरड्या वाळूत ओंडक्यांवर ठेवावा लागतो. आता, 9.9 चं इंजिन चाळीस किलोच्या आसपास भरतं. चाळीस किलो तांदूळ माणूस उचलतो. पण तांदळाच्या पोत्याला खाली पंखा नसतो, वर तेल नसतं, आणि ते मध्येच स्वतःभोवती फिरून तुमच्या गुडघ्यावर येत नाही. मी वरचा भाग धरला, मेहुण्याने सूचना धरल्या.

ठोकळा तीन इंचांचा. इंजिन वर गेलं. नुसत्या हाताने पिळायच्या स्क्रूंवर भरवसा नको म्हणून मेस्त्रींनी आरपार बोल्ट मारले, आणि बोल्टसाठी भोकं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फळी वरून फायबरची दिसली तरी आत प्लाय असतो, आणि उघड्या भोकातून पाणी शिरलं की तो आतून कुजतो. म्हणून जुनं प्रत्येक भोक नीट बुजवावं लागतं. पुढच्या काही आठवड्यांत आम्ही इतकी भोकं पाडली आणि बुजवली की फळीची चाळणी झाली.

मग भरतीची वाट. भरती आली तेव्हा मेस्त्री जेवायला गेले होते आणि समिती झोपायला.

मी आणि मेहुणा खाडीत उतरलो. सरळ चाललो तोवर होडी अशी निघाली की मेहुण्याचा ऊर भरून आला. मग वळलो. वळताना होडी कलली, पंखा पाण्याच्या कडेपर्यंत आला, त्याने वरची हवा ओढली, आणि इंजिन एकदम किंचाळायला लागलं. आवाज मोटारसायकल शर्यतीचा, वेग शून्य. आबांचा वारो तो हाच. त्यात आमच्या होडीला तळाशी मधोमध पठाण, म्हणजे लांब उभा कणा आहे. त्याच्यामागून येणारं पाणी आधीच घुसळलेलं, ते पंख्याला आणखी नाचवतं. समोर त्सुनामी आयलंडवरचे पर्यटक हा काहीतरी खेळ आहे असं समजून टाळ्या वाजवत होते. मेहुण्याने हात हलवून उत्तर दिलं.

इंजिन फार वर असेल तर आणखी एक भीती. त्याला थंड ठेवणारं पाणी खालूनच आत ओढलं जातं. तिथे पाण्याऐवजी हवा गेली तर इंजिन तापतं. म्हणून मागून जी पाण्याची बारीक धार पडते तिच्यावर नजर ठेवायची. मी तेव्हापासून खाडीतलं काहीच पाहिलेलं नाही. भोगव्याची किनार, संगम, गलबला करणारे बगळे, सगळं लोक सांगतात. मी धार पाहतो.

मग अर्धा इंच खाली. मग पाऊण इंच वर. दरवेळी ओहोटीला काम आणि भरतीला परीक्षा, आणि भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकणारी, म्हणजे सकाळी सुरू झालेली आमची परीक्षा हळूहळू दुपारच्या उन्हात गेली. घरी ही म्हणाली, "तुमचं ठरेपर्यंत मी बांगडे बाजारातून आणते."

अशी इंजिनं बाजारात चालवून दाखवली ती ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या माणसाने, अमेरिकेत मिलवॉकीला, 1909 मध्ये. होणाऱ्या बायकोसाठी तळ्यापलीकडून वल्हवत आइस्क्रीम आणलं, ते वाटेत वितळलं, आणि त्याला इंजिन सुचलं असं सांगतात. आइस्क्रीमची गोष्ट सगळे सांगतात. त्याच्या होडीची मागची फळी किती इंच होती, हे मात्र कोणी बोलत नाही.

भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते अशा एका दुपारी अखेर जमलं. वळणावर किंचाळणं नाही, पाठीवर फवारा नाही, धार चालू. मेस्त्रींनी बोल्ट कायमचे आवळले. दुसऱ्या दिवशी मी एकटाच होडी घेऊन निघालो आणि पहिल्याच वळणावर इंजिनाने पुन्हा गळा काढला.

कारण आबांनी किनाऱ्यावरूनच ओळखलं. जमलं त्या दिवशी मेहुणा इंजिनाशेजारी बसला होता. त्याचं वजन मागे, म्हणून होडी मागे दबलेली, म्हणून पंखा पाण्यात. ज्या उंचीला आम्ही बोल्ट आवळले ती उंची मेहुण्यासकट बरोबर होती.

तेव्हापासून तो प्रत्येक फेरीला मागे बसतो. वल्ही, नांगर, लाइफ जॅकेट आणि तो, असं सामान आम्ही मोजून घेतो. त्यालाही आपलं महत्त्व कळलंय. मासळीत वाटा वाढवून मागितला, मी दिला.

पण गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला वजन कमी करायला सांगितलं. आता तो पहाटे तारकर्लीपर्यंत चालत जातो आणि रात्री भाकरीऐवजी काकडी खातो. मेस्त्रींना मी निरोप पाठवलाय, पुढच्या ओहोटीला पाने घेऊन या.