तुमचं डावं की माझं?

सोलापूरच्या माणसाला फुकट पाणी दाखवू नये. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातली आम्ही मंडळी. व्हिएतनामच्या हा लाँग बेमध्ये बोट सुटली आणि काका हळहळले, "एवढं पाणी नुसतंच पडलंय की!" खारं आहे म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला.

गाइड सांगत होता : ड्रॅगननं तोंडातून रत्नं फेकली, त्यांची ही बेटं झाली, दीड हजारांवर आहेत, १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. चुनखडीचे ते उभे हिरवे कडे खरोखर बघत राहावे असे. पण काकांचं म्हणणं, आमच्या सिद्धरामेश्वरांनी तळं खणून घेतलं, ड्रॅगनच्या भरवशावर नाही राहिले. जेवणात कालवं आणि माकूळ आले. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. भाकरी मोडल्याचा आवाज ऐकून वेटर दचकून वळला.

खरा छळ पुढे होता. लुऑन गुहेपाशी आम्हा दोघांना एका कयाकमध्ये बसवलं. बसायच्या खळग्यात आधीच चार बोटं पाणी. बसल्याबसल्या पँटचा निकाल लागला. बायको पुढे, मी मागे.

"डावीकडे घ्या!"

"तुझं डावं की माझं?"

दोघांची तोंडं एकाच दिशेला असताना हा प्रश्न फक्त नवरा-बायकोलाच पडू शकतो. ती वल्हं मारी तेव्हा मी थांबे, मी मारी तेव्हा तिला फोटो हवा असे. कमानीखालून आम्ही आडवे घुसलो. आतलं पाणी चारी बाजूंनी कड्यांनी वेढलेलं, संथ, हिरवंगार. वर झाडावर माकडं. ती आमच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या जागी मीही बघितलं असतं.

ओल्या पँटनिशी मग 'ती टॉप' नावाच्या बेटाच्या सुमारे ४०० पायऱ्या. १९६२ मध्ये हो चि मिन्ह यांनी सोव्हिएत अंतराळवीर टिटॉव्हला इथं आणलं आणि बेटाला त्याचं नाव दिलं. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा दुसरा माणूस. अंतराळात मळमळणारा मात्र पहिला. तेवढ्यावरून तो मला घरचाच वाटला.

काका अर्ध्या वाटेवर बसकण मारून धापा टाकत होते. "पृथ्वीला सतरा फेऱ्या मारल्या म्हणे. पण ह्या पायऱ्या चढला होता का, विचार की बे त्याला!"

मी विचारलं. गाइडला प्रश्न कळला नाही. त्यानं हसून खाली जायची वाट दाखवली. काका लगेच उठले.