म्हणे भुलीच्या इंजेक्शनने बाळ मंद होतं!

वहिनीचं सिझर पुढच्या आठवड्यात आणि नेमका आत्ताच तिला कोणीतरी तो फॉरवर्ड पाठवलाय: "सिझरमधली भूल बाळाच्या मेंदूत जाते, बाळ सुस्त जन्मतं, पुढे मंद होतं, तीन दिवस दूध पाजू नका, पिळून टाका, जमलं तर भूल घेऊच नका." खाली दहा हात जोडलेले.

आधी ते दुधाचं, कारण खरं नुकसान त्यानेच होणारे. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, पिवळसर, घट्ट, एका वेळी जेमतेम चमचाभर, आणि तोच ओतून द्यायचा? स्पायनलमध्ये, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या भुलीत, पाठीत जातं ते औषध २ मिलीच्या आसपास, त्यातलं आईच्या रक्तात येणार किती आणि तिथून दुधात उतरणार किती! पूर्ण भूल, म्हणजे झोपवून दिली तरी आई नीट शुद्धीवर आली, बाळ धरता यायला लागलं की पाजायचं, भूलतज्ज्ञ हेच सांगतात. सिझरनंतर दूध उतरायला आधीच थोडा उशीर होऊ शकतो, त्यात बाळ छातीला लावलंच नाही तर आणखी पंचाईत. आणि तीन दिवस बाळाने प्यायचं काय ते या विद्वानाने लिहिलेलंच नाही.

सुस्तीचं, बरं, अर्धं खरंय. पूर्ण भुलीतलं औषध वारेतून बाळाकडे जातं, बाळ जरा झोपाळलेलं येऊ शकतं, पहिल्या मिनिटाचा अपगार (श्वास, ठोके, हालचाल बघून बाळाला देतात ते गुण) कमी भरतो, कधी मास्कने श्वास द्यावा लागतो, पण बहुतेक बाळं पाच मिनिटांत सावरतात. म्हणूनच तर पोट साफ करून, कापडं टाकून, सर्जन तयार उभे राहिले की मग भूल देतात. स्पायनलमध्ये जपायचं असतं ते आईचं बीपी, ते पडलं तर वारेकडचं रक्त कमी होतं, त्यावर लगेच औषध देतात.

मंद होण्याचं म्हणाल तर २०१९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला गॅस नावाचा अभ्यास बघा. हर्नियाच्या ऑपरेशनची ७२२ तान्ही बाळं, काहींना पूर्ण भूल, साधारण तासाभराची, काहींना जागेपणी स्पायनलसारखी. पाच वर्षांचे झाल्यावर बुद्ध्यांकात फरक नाही. आणि तिथे औषध थेट बाळालाच दिलेलं! अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१६ मध्ये इशारा दिला होता हे खरं, पण तो तीन तासांपेक्षा लांबलेल्या किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल. सिझरमध्ये बाळ काही मिनिटांत बाहेर असतं.

राहिलं "भूल घेऊच नका". अहो, पोट उघडायचंय, नखं नाही कापायची.