जबडा काढला म्हणून माझा बाप दुसरा कोणी झाला काय?

कर्करोगाने ज्याचा अर्धा जबडा नेला, त्या माणसाला विमानतळाच्या दारात उभे करून त्याच्याकडून तो स्वतःच असल्याचा पुरावा मागायचा आणि पुरावा म्हणून त्याला बोलायला सांगायचे, हा कोणता न्याय आहे? बाबांना घेऊन गावी परतलो तरी माझा संताप शमलेला नाही. तो शमावा असे मला वाटतही नाही.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा आमच्याकडे कोणत्याही पानठेल्यावर मिळतो, आणि म्हणूनच तोंडाचा कर्करोग झालेला माणूस आमच्या भागात घरोघरी कोणाच्या ना कोणाच्या नात्यात निघतो. बाबांच्या आधार कार्डावरचा फोटो ग्रामपंचायतीत भरलेल्या शिबिरातला आहे. त्यात भरलेले गाल आहेत, जाड मिशी आहे, डोक्यावर केस आहेत. आज त्यांचा डावा गाल आत गेलेला आहे, त्यावर छातीचे कातडे लावलेले आहे आणि त्या कातड्यावर छातीचेच केस उगवतात. किरणांनी मान काळवंडली आहे, नाकात अन्नाची नळी चिकटपट्टीने बसवलेली आहे. जिभेचाही भाग काढल्यामुळे त्यांचे बोलणे घरच्यांनाच समजते, परक्याला नाही.

रेल्वे कर्करुग्णाला भाड्यात सवलत देते, हे खरे आहे. पण दर दोन-तीन तासांनी नळीतून पातळ अन्न द्यावे लागणाऱ्या माणसाला गर्दीच्या डब्यातून रात्रभर आणणे आम्हाला शक्य नव्हते, म्हणून कापसाच्या पैशांतून विमानाची तिकिटे काढली. दारावरच्या जवानाने आधी कार्डाकडे पाहिले, मग बाबांकडे पाहिले आणि म्हणाला, "ये आप नहीं हो." नाव विचारले. बाबांनी खिशातली लहान वही काढून थरथरत्या हाताने आपले पूर्ण नाव लिहून दाखवले, तर त्याला ते चालेना. "इन को बोलने दो" हाच त्याचा हेका. आई पुढे होऊन म्हणाली, "साहेब, माह्या मानसाले मी नाई ओयखणार, त कोन ओयखीन?" तिचे कोणी ऐकले नाही. मग बाबांना तोंडावरचा दुपट्टा काढायला लावला. लाळ सतत गळते म्हणून तो दुपट्टा नेहमी ओला असतो. आयुष्यभर गावात मान ताठ ठेवून वावरलेला माणूस अनोळखी लोकांच्या रांगेत उघड्या तोंडाने उभा राहिला, लाळ सदऱ्यावर गळत राहिली आणि मागचे लोक घड्याळ पाहून चुळबुळत राहिले. शेवटी कोणीतरी वरिष्ठ आले, त्यांनी फाईल चाळली आणि एका शब्दाने सोडून दिले. जे एका शब्दात होण्यासारखे होते, त्यासाठी एवढी विटंबना का व्हावी?

तपासणी करू नका, असे मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या नावावर कोणी विमानात बसू नये, हे शेतकऱ्यालाही कळते. माझा राग तपासणीवर नाही. पटत नसेल तर पुढे काय करायचे, हे त्या दारात कोणालाच ठाऊक नसते आणि त्या अज्ञानाचा सगळा भार सर्वांत अशक्त माणसाच्या खांद्यावर टाकला जातो, यावर आहे. नागरी उड्डाण सुरक्षा विभागाच्या २०१७ च्या परिपत्रकात पारपत्र, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना, छायाचित्र असलेले राष्ट्रीयीकृत बँकेचे पासबुक अशी १० प्रकारची ओळखपत्रे चालतात असे म्हटले आहे, आणि रास्त कारणाने यांपैकी काहीच दाखवता येत नसेल तर गट अ राजपत्रित अधिकाऱ्याने आपल्या लेटरहेडवर, फोटो साक्षांकित करून दिलेले प्रमाणपत्रही चालते. म्हणजे आजच्या चेहऱ्याचा फोटो लावून ओळख पटवण्याची सोय कागदावर आहे. मग शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना जखमेची निगा आणि नळीची स्वच्छता समजावून सांगणाऱ्या एकाही माणसाने हे का सांगितले नाही? तिकीट काढताना का सांगितले जात नाही?

यावर काही जण आधारचा फोटो बदलून घ्या, असे सुचवतात. सांगणे सोपे आहे. फोटो घरबसल्या बदलत नाही. रुग्णाला घेऊन आधार केंद्रावर जावे लागते आणि नोंद अद्ययावत व्हायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. शिवाय कोणता चेहरा नोंदवायचा? शस्त्रक्रियेनंतर सूज असते, ती उतरते. मग सहा-सात आठवडे किरणे चालतात, वजन घटते. स्टिरॉइड दिले तर तोंड गोल फुगते. केमोत केस आणि भुवया जातात आणि नंतर परत येतात. आज काढलेला फोटो तीन महिन्यांनी खोटा ठरतो.

बोटांचे ठसे घ्या म्हणावे, तर काही औषधे तेही पुसून टाकतात. कॅपेसिटाबिन हे कर्करोगावरचे औषध घेणाऱ्या सिंगापूरच्या एका रुग्णाला ठसे उमटत नाहीत म्हणून अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडवून ठेवले होते; त्याची हकिकत २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आमच्या विदर्भात दत्तपूर आणि आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहती आहेत, रोगाने बोटे आणि चेहरे बदललेली माणसे इथे पिढ्यान्पिढ्या पाहिलेली आहेत. ही अडचण कोणाला नवी वाटत असेल, तर ते त्यांचे न पाहणे आहे. आता विमानतळावरच्या डिजियात्रा या व्यवस्थेत यंत्रच चेहरा जुळवते, म्हणून सगळे सोपे झाले असे सांगतात. पण त्याची नोंदणी करतानासुद्धा चेहरा त्याच जुन्या आधार फोटोशी ताडला जातो; बाबांना त्याचा काय उपयोग?

बुबुळांची नोंद आधारकडे आहे. बाबांचे डोळे रोगाने नेलेले नाहीत. रुग्णालयाची कागदपत्रे आहेत, त्यावर नाव, वय, शस्त्रक्रियेची तारीख, शिक्का आहे. ज्याला खरोखर ओळख पटवायची असेल, त्याला एवढे पुरेसे आहे. फक्त निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस दारापाशी हवा, वरच्या मजल्यावर नको.

पुढच्या तपासणीसाठी बाबांना पुन्हा जायचे आहे. मी तालुक्याला जाऊन नव्या फोटोचे, सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र करून घेणार आहे आणि परिपत्रकाची प्रतही सोबत ठेवणार आहे. पण रांगेत दुपट्टा काढायला या वेळी मी नकार देणार. चेहरा पाहायचा असेल तर आडोशाच्या खोलीत नेऊन, बसायला खुर्ची देऊन, वैद्यकीय कक्षातल्या डॉक्टरांसमोर पाहावा. आणि नाव विचारायचे असेल तर त्यांच्या वहीत लिहिलेले वाचावे.