तंबोऱ्याचा खर्ज आणि कुकरची शिट्टी

'पाच हजारांत चांगला हेडफोन सांगा' असं कुणी म्हटलं की मी आधी उलट विचारतो, चष्मा लावता का? घरात माणसं किती? स्वयंपाकघर आणि तुमची खुर्ची यांच्यामध्ये दार आहे का? समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याने हेडफोन विचारलेला असतो आणि मी वधूवर सूचक मंडळासारखी माहिती गोळा करत बसलेला असतो.

पण चष्म्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कान पूर्ण झाकणाऱ्या बंद हेडफोनमध्ये खालचे सूर उभे राहतात ते आवाज काढणारा आतला पडदा आणि कान यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेच्या जिवावर. चष्म्याच्या काडीने गादी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उचलली तरी ती हवा निसटते आणि तिच्याबरोबर खर्जही. मग तक्रार येते, 'याला बेसच नाही हो.' बेस आहे, काडीखालून निघून गेलाय. दुकानात चष्मा काढून हेडफोन लावायचा, मान डोलवायची, आणि घरी येऊन चष्मा लावून पुस्तक वाचत ऐकायचं, हा प्रकार सर्रास चालतो. जाड काडीची फ्रेम असेल तर गादी मऊ आणि खोल पाहिजे, आणि पारख चष्म्यासकटच करायची.

कानाच्या आत जाणाऱ्या इअरफोनची तर्‍हा हीच. खोक्यात रबराच्या टोप्यांच्या तीन जोड्या येतात. मधली आधीच लावलेली असते, म्हणून सगळी माणसं मधल्या मापाची होतात आणि उरलेल्या दोन जोड्या खणात जाऊन पडतात. वास्तविक एकाच माणसाचे दोन कानसुद्धा एका मापाचे नसतात. डाव्याला मधली आणि उजव्याला मोठी लागू शकते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बसली की नाही ते बघायचं तर दोन्ही कानांत घालून नुसतं 'हूं' म्हणा. आवाज डोक्यात घुमला तर टोपी बसली. एकाच बाजूला घुमला तर दुसरी बदला. हजार रुपयांचा इअरफोन नीट बसला तर तो दहा हजारांच्या सैल बसलेल्याला हरवतो. हे ऐकून पाहुणे निराश होतात, कारण त्यांना खर्च करायचा असतो.

आता खोक्यावरचे आकडे. '20 ते 20,000 हर्ट्झ', म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं, हे जवळपास प्रत्येक खोक्यावर असतं. दोनशे रुपयांच्या खोक्यावरही असतं. त्यापुढची पायरी म्हणजे 40,000 हर्ट्झचा सोनेरी शिक्का. माणसाचा कान तरुणपणी कसाबसा वीस हजारांपर्यंत जातो आणि पन्नाशीला बारा-चौदा हजारांवर थांबतो. चाळीस हजारांचा लाभ घ्यायला घरात वटवाघूळ पाहिजे.

बरं, आपण ऐकतो ते कुठे असतं? पुरुष गायकाचा सा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, धरला तर तो सुमारे 139 हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 च्या आसपास. मोबाइलच्या पोटातला स्पीकर किंवा मुठीएवढा ब्लूटूथ डबा हा 69 वाजवूच शकत नाही. तरीही तंबोरा ऐकू येतो, कारण तारेचे वरचे स्वर ऐकून मेंदू खालचा हरवलेला सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे काम डबा करत नाही, तुम्ही करता, आणि 'दणदणीत बेस' असं छापून पैसे तो घेतो.

ओहमचा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचा, आकडा मात्र खरोखर वाचण्यासारखा आहे, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा एकच हेडफोन 32, 80 आणि 250 ओहम अशा अवतारांत मिळतो. सेनहायझरचा एचडी 600 तर 300 ओहमचा. 'जास्त आकडा म्हणजे भारी' या हिशेबाने 250 वाला आणून मोबाइलला लावला तर आवाज येतो, पण आजारी माणसाने हाक मारावी इतकाच. जास्त ओहमला तोच आवाज काढायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि मोबाइल ते देत नाही. मोबाइलवर ऐकायचं असेल तर 16 ते 40 ओहमच्या आत राहा. आणि मोबाइलला गोल भोक नसेल तर यूएसबी-सीची बोटभर वायर घ्या. त्या इवल्याशा टोकात आकड्यांचा आवाज करणारी चिप असते आणि बरी असेल तर ती वर्षानुवर्षं पुरते. फक्त काही स्वस्त वायरींच्या टोकात चिप नसतेच. त्या ठरावीक फोनवरच चालतात आणि बाकीच्यांवर मुक्या राहतात, म्हणून दुकानातच आपला फोन लावून बघायचं.

'वायर कशाला, ब्लूटूथ घेऊ या' म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. सीडीचा प्रवाह सेकंदाला 1411 किलोबिट. ब्लूटूथवर आवाज दाबून, आक्रसून पाठवावा लागतो. आयफोन त्यासाठी एएसी नावाची पद्धत वापरतो, तो प्रवाह साधारण 256. अँड्रॉइडवर एलडॅक ही दुसरी पद्धत असेल तर 990 पर्यंत जातो, पण गर्दीच्या फलाटावर 330 वर येऊन गपगुमान बसतो. डोळे बांधून ऐकवलं तर बहुतेकांना यातला फरक सांगता येत नाही, मीसुद्धा पैज लावणार नाही. माझी हरकत वेगळी आहे. त्याच पैशांत बॅटरी, रेडिओ, माइक, डबी हे सगळं बसवायचं म्हटल्यावर आवाजाच्या वाट्याला उरतं काय? आणि तीन-चार वर्षांनी बॅटरी बसली की चांगला पडदा कचऱ्यात. शिवाय ब्लूटूथचा आवाज सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग उशिरा येतो. गाणं ऐकताना ते कळत नाही. कराओके गाऊन रेकॉर्ड करायला बसलात की प्रत्येक समेला तुम्ही मागे, आणि घरचे समजतात की लय कच्ची आहे.

गोंगाट मारणाऱ्या हेडफोनबद्दलही एक गैरसमज आहे. बाहेरचा आवाज माइकने ऐकून त्याची उलटी लाट सोडायची, हे तंत्र सलग आणि खालच्या आवाजाला लागू पडतं. पंखा, एसी, विमान, लोकलची घरघर. कुकरची शिट्टी अचानक येते आणि वरच्या पट्टीत येते, तिला ही युक्ती पोचत नाही. तिला अडवायची तर जाड गादीच लागते. बोलण्याचंही तेच. त्यामुळे लोकलचा खडखडाट गायब होतो आणि शेजारच्या सीटवरचं घर घेण्याबद्दलचं संभाषण स्वच्छ, तपशीलवार ऐकू येतं. उघड्या पाठीचे हेडफोन याच्या बरोबर उलट. मोकळे, हवेशीर, गाण्याला फार सुंदर. पण जितकं तुम्हाला ऐकू येतं त्यातलं बरंचसं शेजारी झोपलेल्यालाही येतं. वन बीएचकेमध्ये ते घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

या वस्तूंचा बाजार म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. दुकानात गेलात की एक गोष्ट लक्षात ठेवायची: दोन हेडफोनांपैकी जो जोरात वाजतो तोच चांगला वाटतो. हा दोष दुकानदाराचा नाही, कानाचा आहे, दुकानदार फक्त त्याचा आदर करतो. म्हणून तुलना करताना आधी दोघांचा आवाज सारखा करायचा. फोनवरचं डेसिबल मोजणारं फुकट ॲप पुरतं. माइक गादीच्या मधोमध धरायचा आणि दोन्ही आकड्यांतला फरक एका डेसिबलच्या आत आणायचा. दुकानदार चमत्कारिक नजरेने बघेल, बघू दे. ऐकवायला त्याचं ते डीजेचं गाणं नको, आपलं न्या: पुरुष गळ्याचा विलंबित ख्याल, ज्यात सुरुवातीला नुसता तंबोरा आहे, एक तबला सोलो, आणि वरच्या पट्टीतला स्त्रीचा आवाज. पहिल्यात खर्ज, दुसऱ्यात डग्ग्याची मींड आणि चाटेची धार, तिसऱ्यात तारसप्तकाला आवाज टोचतो का, ते कळतं. 'स' आणि 'श' कानात सुईसारखे शिरले तर तो हेडफोन घेऊ नका. 'वापरून वापरून मोकळा होईल' असं सांगतात, पण मोकळा होतो तो हेडफोन नव्हे, आपला कान. त्याला सवय होते.

आणि जुन्या तबकड्यांच्या आशेने फार महागात जाऊ नका. 1902 साली कोलकात्यात गौहरजान गायल्या तेव्हापासून 1925 च्या आसपास विजेचा माइक येईपर्यंत सगळं कर्ण्यात तोंड घालून मुद्रित होत होतं. त्यात साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झच्या बाहेरचं फारसं उतरलेलंच नाही. लाखाच्या हेडफोनवर ते गाणं तितकंच राहतं, खरखर मात्र लाखाची ऐकू येते.

घरातल्या स्पीकरचा मामला आणखी अवघड, कारण तिथे यंत्रापेक्षा खोली जास्त वाजते आणि खोली बदलून मिळत नाही. आधी वॉट. '2000 वॉट पीएमपीओ' हा क्षणभराचा फुगवलेला आकडा बघितला की हसून पुढे जायचं, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद, विचारायचा. मध्यम स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर 87 डेसिबल देतो. एका. तेवढ्यात शेजारी बेल वाजवू शकतात. वॉट दुप्पट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात आणि कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. तेव्हा 25 ऐवजी 50 घेतलेत तर फरक बिलावर जास्त दिसेल.

खरं घोडं पेंड खातं ते दहा बाय बाराच्या हॉलमध्ये. खाली गुळगुळीत टाइल, समोर काच, चारी भिंती उघड्या. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागून 'टर्र' असा आवाज आला तर ॲम्प्लिफायर बदलून काही होणार नाही. सतरंजी टाका, जाड पडदे लावा, स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगा. गोधडी वरच्या सुरांपुरती, खर्ज तिला जुमानत नाही. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये 47 हर्ट्झची लाट अडकून बसते आणि तिची दुप्पट 94 वर. डग्ग्याचा घुमारा त्याच परिसरात येतो, म्हणून भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तो एकसारखा गुरगुरतो. सोफा फूटभर पुढे घेतला की बरंच निवळतं. मग बाल्कनीत जायला वाट उरत नाही हेही खरं.

स्पीकर कुठे ठेवायचे यावर घराघरांत एकमत असतं: कपाटावर, छताला टेकून, वर प्लॅस्टिकची फुलं. याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही, कारण कोपऱ्यात तीन पृष्ठभाग एकत्र येतात आणि बेस फुगतो. बरोबर रीत अशी: ट्वीटर, म्हणजे वरचा छोटा पडदा, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, जमिनीपासून साधारण तीन फूट. दोन स्पीकरमध्ये सहा फूट, आणि तुमच्यापासून प्रत्येक तितकाच. टेपने मोजा, अंदाजाने नको. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे. नीट जमलं की गाणारा दोन्ही डब्यांच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच नाही तिथे, येऊन बसतो.

वायरीचं सांगायचं तर मीटरला हजारो रुपयांच्या वायरी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची लाल-काळी वायर पाच मीटरपर्यंत बिनघोर वापरा. जाण्यायेण्याचा मिळून तिचा रोध एक दशांश ओहमच्या आसपास, आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो किस झाड की पत्ती.

पैसे त्या वायरीत घालण्यापेक्षा तिची टोकं बघा. दिवाळीच्या साफसफाईत स्पीकर सुटतात, पुसले जातात आणि परत जोडताना एका बाजूचं लाल-काळं उलटं होतं. तेव्हापासून एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि गाणारा मधून उठून खोलीभर पसरतो. लोक अशा अवस्थेत वर्षं काढतात आणि नवा स्पीकर घ्यायला निघतात. तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरे. ॲम्प बंद करा, वायर ॲम्पच्या बाजूने सोडवा, स्पीकरची जाळी काढा. सेलची वरची टोपी लाल टोकाला, बूड काळ्या टोकाला, क्षणभरच टेकवा. मोठा पडदा बाहेर उडी मारेल. आत गेला तर स्पीकरच्या पाठीमागे उलटं जोडलंय. दुसऱ्या डब्यालाही तेच करा, दोघांचं सारखं झालं की जोडा. आणि पुढच्या दिवाळीसाठी दोन्ही लाल टोकांवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका देऊन ठेवा.