महेश मलानी राखीव जागेवरून आलेले नाहीत

पाकिस्तानी खासदार महेशकुमार मलानी यांच्याबद्दलचा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर वरचेवर येतो. मजकूर साधारण असा: ‘सत्तर वर्षांत पाकिस्तानच्या संसदेत पोचलेला हा पहिला हिंदू. 2018 पर्यंत तिथल्या हिंदूंना मतदानाचा हक्कच नव्हता. हाही आला तो राखीव जागेवर, आणि थरपारकर हिंदूबहुल आहे म्हणून.’ (थरपारकर हा सिंध प्रांतातला जिल्हा, मलानींचा मतदारसंघ तिथलाच.) यातलं एकही विधान खरं नाही. शेवटची दोन तर एकमेकांनाच खोटं पाडतात, कारण राखीव जागेला मतदारसंघच नसतो.

‘पहिला हिंदू’ हे सर्वांत सोपं. पाकिस्तानची संविधान सभा 10 ऑगस्ट 1947 रोजी कराचीत पहिल्यांदा भरली, तेव्हा हंगामी अध्यक्षाच्या खुर्चीवर जोगेंद्रनाथ मंडल होते. ते पुढे कायदेमंत्री झाले आणि 1950 मध्ये राजीनामा देऊन कलकत्त्याला आले. त्याच सभेत धीरेंद्रनाथ दत्त यांनी 1948 मध्ये बंगालीला मान्यता मागितली. नंतरच्या काळात उमरकोटचे राणा चंद्रसिंह अनेकदा खासदार आणि केंद्रीय मंत्रीही झाले. काही जण मलानींना ‘पहिले बिगरमुस्लिम’ म्हणतात, तेही टिकत नाही. 1970 मध्ये चितगावच्या डोंगराळ भागातून राजा त्रिदिव राय हे बौद्ध उमेदवार अपक्ष म्हणून सर्वसाधारण, म्हणजे राखीव नसलेली, जागा जिंकले होते. मलानींचा मान वेगळा आहे: 2002 नंतर नॅशनल असेंब्लीची (पाकिस्तानच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह) सर्वसाधारण जागा थेट लढून जिंकणारे ते पहिले हिंदू.

ते 2002 साल इथे महत्त्वाचं, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलेलं. मतदानाचा हक्क हिंदूंना होता, पण झिया उल हक यांच्या राजवटीत, 1985 च्या निवडणुकीपासून, त्यांचे मतदारसंघ वेगळे काढले गेले. नॅशनल असेंब्लीत बिगरमुस्लिमांच्या 10 जागा: हिंदूंना चार, ख्रिस्तींना चार, अहमदियांना (तिथल्या कायद्याने बिगरमुस्लिम ठरवलेला पंथ) एक, उरलेल्या सगळ्यांना मिळून एक. या जागांसाठी अख्खा देश हाच एक मतदारसंघ. म्हणजे मिठी गावातल्या हिंदू मतदाराला थरपारकरच्या खासदारासाठी मत देता येत नसे. त्याच्या यादीत फक्त हिंदू उमेदवार, आणि त्यातला कोणी शेकडो मैल दूरचा असू शके. गावात पाणी नाही, रस्ता नाही, हे सांगायला जायचं तर स्थानिक खासदाराला त्याच्या मताची गरजच नव्हती. मला यात मतदान नाकारण्याइतकाच मोठा अन्याय दिसतो. मुशर्रफ यांच्या काळात 2002 मध्ये ही पद्धत मोडली आणि मतदार एका यादीत आले. (अहमदियांची यादी आजही वेगळीच आहे.)

आता ‘राखीव’. मलानी एकदा राखीव जागेवरून गेले होते हे खरं, पण ते 2008 मध्ये. राखीव जागांसाठी मतदान होत नाही. पक्षाने जिंकलेल्या सर्वसाधारण जागांच्या प्रमाणात त्याच्या यादीतली नावं घेतली जातात. तिथे सुखाने बसून राहता आलं असतं. त्याऐवजी 2013 मध्ये ते सिंध विधानसभेची थरपारकरमधली सर्वसाधारण जागा लढले आणि जिंकले. 25 जुलै 2018 ला थरपारकरमधल्याच एनए-222 या नॅशनल असेंब्लीच्या मतदारसंघातून पीपल्स पार्टीच्या बाण या चिन्हावर उभे राहिले. समोर ग्रँड डेमोक्रॅटिक अलायन्स या पीपल्स पार्टीविरोधी आघाडीचे अरबाब झकाउल्ला, म्हणजे ज्या घराण्यातून सिंधला अरबाब गुलाम रहीम हे मुख्यमंत्री मिळाले, ते थरमधलं जुनं वजनदार घराणं. मलानींना 1,06,630 मतं पडली, अरबाबांना 87 हजारांच्या वर. 2024 मध्ये ते पुन्हा जिंकले, तेव्हा समोर खुद्द गुलाम रहीम होते.

आणि थरपारकर हिंदूबहुल नाही. 2017 च्या जनगणनेत जिल्ह्यातले हिंदू साधारण 43 टक्के. बहुसंख्य आहेत ते शेजारच्या उमरकोटमध्ये. शिवाय ते एकगठ्ठा नाहीत. त्यांत मोठा वाटा मेघवार, कोळी, भिल्ल या समाजांचा, आणि मलानी ब्राह्मण. मेघवार मतदार ब्राह्मणाला केवळ हिंदू म्हणून मत देईल, हे गृहीत धरणाऱ्याला तिथली जातव्यवस्था ठाऊक नाही. हा विजय पीपल्स पार्टीच्या गावोगावच्या बांधणीचा आहे आणि बाणावर शिक्का मारणाऱ्या मुसलमान मतदारांचाही. मेसेज त्या मतदारांना पुसून टाकतो, म्हणून मला तो खुपतो.

पाकिस्तानी हिंदूंची बाजू मांडायची तर खऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. राष्ट्रपती आणि पंतप्रधान मुस्लिमच असला पाहिजे, असं तिथल्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे. राखीव 10 जागांवर कोण बसणार हे आजही हिंदू किंवा ख्रिस्ती मतदार ठरवत नाहीत, पक्षांचे नेते ठरवतात. या जागा थेट मतदानाने भराव्यात, ही मागणी अल्पसंख्याक कार्यकर्ते तिथे राहून, उघडपणे करत आले आहेत, आणि ती अजून मान्य झालेली नाही.