वारा वेगळा, ऊब वेगळी: जुन्या जीपच्या हीटरबद्दल फिरणारा मेसेज

डिसेंबर लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे हुरड्याचं आमंत्रण, दुसरी म्हणजे गाड्यांबद्दलचे सल्ले. या वेळचा सल्ला काटोलहून भाऊजींनी पाठवला. तोच मेसेज मला नंतर आणखी तिघांकडून आला, त्यामुळे एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: जुनी जीप किंवा फोर बाय फोर आहे आणि हीटरचा वारा मंद येतो? गॅरेजवाल्याकडे जाऊ नका, कापेल. एक, हीटरची कॉइल चोक झालेली असते, रेडिएटरमध्ये खायचा सोडा नि लिंबाचा रस टाकून गाडी फिरवा. दोन, थर्मोस्टॅट काढून फेका. तीन, ब्लोअरचा फ्यूज दुप्पट ताकदीचा लावा. चार, तरी फरक नाही तर मोटर गेली, नवी टाका. पाच, बाहेरची हवा बंद ठेवा, आतलीच फिरू द्या. सहा, आणि खरं सांगायचं तर नागपुरात हीटर लागतो कुणाला, पाइपच कायमचे बंद करून टाका.

मी आयटीआयमध्ये एकवीस वर्षं मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. असं उत्तर पोरांनी पेपरात लिहिलं असतं तर सहापैकी एखादा गुण दिला असता, तोही हस्ताक्षराचा.

पहिल्या वाक्यातच गाडी रुळावरून उतरली आहे. हीटरमध्ये दोन वेगळ्या वाटा असतात. एक पाण्याची: इंजिनातलं गरम पाणी दोन होज पाइपांमधून डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये येतं, ज्याला आपल्याकडे सरसकट कॉइल म्हणतात, आणि परत जातं. दुसरी हवेची: समोरच्या काचेखालच्या जाळीतून हवा आत येते, ब्लोअर तिला ढकलतो, ती कॉइलच्या पाकळ्यांमधून गरम होऊन जाते आणि फ्लॅप वळवतील तिकडे, म्हणजे पायाशी किंवा काचेवर, बाहेर पडते. या वाटा कॉइलपाशी एकमेकींना खेटून जातात, पण मिसळत नाहीत. कॉइलच्या नळ्या आतून चुन्याने पूर्ण बुजल्या तरी वाऱ्याचा जोर तसूभर कमी होणार नाही. वारा तेवढाच येईल, फक्त गार येईल. म्हणून तक्रार नीट ऐकायची: वारा जोरात आहे पण गार आहे, की गरम आहे पण फुंकर मारल्यासारखा आहे? पहिल्याचं कारण पाण्यात शोधायचं, दुसऱ्याचं हवेत. मेसेजमध्ये तक्रार वाऱ्याची आहे आणि पहिले दोन उपाय पाण्याचे.

गार वाऱ्याची तपासणी सोपी आहे. इंजिन चांगलं तापू द्या, हीटर गरमवर ठेवा आणि बोनेट उघडून फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन नि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीत, शिरणारे दोन्ही होज पाइप जपून चाचपा. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय. एक गरम नि एक गार असेल तर कॉइल चोक आहे किंवा हीटरचा कॉक, म्हणजे गरम पाण्याचा नळ, बंद आहे. आपल्याकडे कॉकचीच शक्यता आधी धरा. मे महिन्यात कुणीतरी तो पक्कडीने आवळलेला असतो आणि डिसेंबरात कुणालाच आठवत नाही.

सोडा-लिंबाबद्दल काय बोलायचं? दोन्ही एकत्र आले की फेस येतो आणि फेसाबरोबर दोघांचाही जोर संपतो. सोडा लिंबाला मारतो, लिंबू सोड्याला. उरतं ते खारट पाणी, तेही अशा ठिकाणी जिथे तांबं, पितळ, डाग दिलेले सांधे नि ॲल्युमिनियम एकत्र नांदतात. त्याऐवजी होज काढून कॉइलमधून बागेच्या नळीने साधं पाणी हलक्या दाबाने, उलट दिशेने सोडा. शेवटी कूलंट भरा. "इथे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला" हेही अधूनमधून ऐकू येतं. कूलंट गोठण्याविरुद्ध असतं तसंच गंजाविरुद्ध असतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वर नेतं. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की कॉइलच्या अरुंद नळ्यांत चहाच्या भांड्यासारखा थर बसतो.

आता कॉइलमुळे वारा अडतो अशी एक खरी परिस्थिती आहे, पण ती आतून नाही, बाहेरून. पाकळ्यांमध्ये कचरा बसला की हवा जाणार कशी? भाऊजींची जीप बागेत कडुलिंबाखाली उभी असते. संत्र्याच्या हंगामात मागे पेट्या आणि पेट्यांत तणस. मी रविवारी गेलो तेव्हा ते म्हणाले, "मोटर तं फिरून रायली, आवाजही येऊन रायला, मग वारा काहून नाही?" हा प्रश्न मेसेजमधल्या सहाही मुद्द्यांपेक्षा शहाणा होता. बॅटरीचं टर्मिनल काढलं, ग्लोव्ह बॉक्स उतरवला, ब्लोअर तीन स्क्रूंवर लटकत होता तो बाहेर घेतला. त्याच्या पिंजऱ्यासारख्या चाकाच्या प्रत्येक पात्यात मातीचा लेप होता. ब्लोअरच्या डब्यात कडुलिंबाच्या काड्या, आणि कॉइलच्या तोंडाशी तणसाचं नीट विणलेलं घरटं. उंदीर नव्हता. घरटं मात्र अगदी टापटीप होतं, कुठल्याशा पोत्याच्या सुतळीची किनार लावून.

माती बसलेल्या पात्यांचं महत्त्व लोकांना पटत नाही. या चाकाची पाती आतून खोलगट असतात आणि त्या खोलगटपणावरच ती हवा पकडून बाहेर फेकतात. खोलगट भाग मातीने भरला की चाक तेवढ्याच वेगाने फिरतं, आवाजही तेवढाच येतो, पण हवा हलत नाही. जुना दातांचा ब्रश, साबणाचं पाणी, अर्धा तास. पाती घासताना एखादी तुटली किंवा माती एकाच बाजूला राहिली तर तोल जातो आणि डॅशबोर्ड थरथरतो, तेवढं सांभाळायचं. मागाहून एसी बसवलेल्या गाडीत एसीची कॉइलही याच वाटेवर असते. ती ओली राहते, म्हणून धूळ तिथे आधी चिकटते.

थर्मोस्टॅटवर फार शब्द खर्चायची गरज नाही. तो पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरतो. बऱ्याच इंजिनांत साधारण ८० अंशांच्या पुढेच उघडतो. काढला की हिवाळ्यात इंजिन कोमटच राहतं, डिझेल जास्त जातं आणि हीटर आणखी गार होतो. म्हणजे वाऱ्याला काही फायदा नाहीच, ऊबही गेली. काही इंजिनांत तर तो काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं आणि उन्हाळ्यात गाडी उलटी तापते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या भीतीने तो काढून टाकणारे मिस्त्री आहेत, हे मला माहीत आहे. माझे दोन विद्यार्थीही त्यात आहेत.

तिसऱ्या मुद्द्याचा मात्र मला राग आला, कारण त्यात जीप जळू शकते. फ्यूज मोटरला ताकद देत नाही. तो तारेचा राखणदार आहे. २० अँपिअरच्या जागी ४० चा लावला तर मोटर एक फेराही जास्त मारणार नाही, पण उद्या मोटर जाम झाली तर फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची तार वितळेल, आणि शेजारी आधीच तणसाचं घरटं आहे.

मोटर खरोखर हळू फिरत असेल तर तिला वीज पुरत नाही का, हे आधी बघायचं. इंजिन चालू, ब्लोअर फुल्ल, आणि मल्टिमीटर थेट मोटरच्या दोन टोकांना. बॅटरीवर साडेतेरा-चौदा व्होल्ट असताना मोटरवर तेराच्या आसपास मिळाले तर वायरिंग ठीक. दहा-अकरा मिळाले तर उरलेले व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडतायत. हिशेब सोपा आहे: ब्लोअर १२ अँपिअर घेतो असं धरा आणि एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त ०.१ ओहम रोध आहे असं धरा. तिथेच १.२ व्होल्ट गेले, आणि १४ वॅटहून जास्त उष्णता त्या छोट्याशा जोडात तयार झाली. म्हणून अशा जोडाचं प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी, मग ठिसूळ होतं. जुन्या जीपमध्ये बहुतेकदा रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, नसतो; सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधूनच जातो आणि स्विचचे पॉइंट जळतात. आणि अर्थिंग! मोटरची काळी तार बॉडीला जिथे कसली आहे तिथला रंग नि गंज खरवडून पुन्हा घट्ट करा. माझ्या अनुभवात अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात, पण सॅण्डपेपर घासून बिल लावता येत नाही म्हणून हे कुणी सांगत नाही. स्विच वाचवायचा तर बॅटरीवरून फ्यूजसह स्वतंत्र तार आणून रिले टाका.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवरच चालत असेल तर मोटर चांगली आहे, रेझिस्टन्स, म्हणजे खालच्या स्पीडसाठी मोटरची वीज कमी करणारा भाग, जळलंय. ते मुद्दाम वाऱ्याच्या वाटेत बसवलेलं असतं, म्हणजे वाऱ्यानेच थंड राहावं. वारंवार जळत असेल तर नवं आणण्याआधी वारा कुठे अडलाय किंवा मोटर जड झालीय का, ते बघा.

चौथा मुद्दा, मोटर बदला. इथे माझीच फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या जीपच्या ब्लोअरचे कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश, संपले. घाईत होतो, ओळखीच्या एका गॅरेजात नवी मोटर बसवून घेतली. आवाज मस्त, वारा पूर्वीपेक्षाही कमी. मी, एकवीस वर्षं शिकवलेला माणूस, दोन दिवस फ्लॅपच्या केबली तपासत बसलो. तारा उलट्या जोडल्या होत्या. साधा पंखा उलटा फिरला तर हवा मागे ओढतो आणि लगेच कळतं. पिंजऱ्याचं चाक उलटं फिरलं तरी हवा त्याच दिशेला फेकतं, फक्त खूप कमी, म्हणून शंका येत नाही. तारा अदलाबदल केल्या आणि काचेवर ठेवलेली पावती उडून मागच्या सीटवर गेली. मोटर नवीन घेतली असेल तर हे सगळ्यांत आधी बघा.

मोटर जोरात, चाक साफ, दिशा बरोबर, तरी काचेवर वारा नाही? मग तो पायाशी किंवा डॅशबोर्डच्या पोटात गळतोय. फ्लॅपच्या कडेचा फोम वीस-पंचवीस वर्षांत भुसा होतो. लिव्हर हलवताना अडकल्यासारखा जोर लागत नसेल, तर केबल क्लिपमधून सुटलीय.

पाचवा मुद्दा अर्धा खरा आहे. आतलीच हवा फिरवली तर ऊब लवकर येते. पण चार माणसांचा श्वास त्याच हवेत राहतो नि थंड काचेवर धुकं धरतं. काच साफ हवी असेल तर बाहेरचीच हवा घ्यावी लागते. नव्या, घट्ट गाडीत आतली हवा बाहेर पडायला वाट नसेल तरी वारा मंदावतो, म्हणून खिडकी दोन बोटं उघडून फरक पडतो का ते बघतात. आमच्या जीपला ती तपासणी लागू नाही. तिच्या दारांच्या फटींतून काटोल रोड दिसतो.

राहिला सहावा. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या पहाटे रामटेक-मनसरकडून पेंचला निघालेल्या माणसाला विचारा, हीटर कुणाला लागतो ते. धुक्यात काच आतून पांढरी झाली आणि समोरून ट्रक आला की हीटर म्हणजे चैन उरत नाही. शिवाय घाटात इंजिन तापायला लागलं तर हीटर गरमवर नि ब्लोअर फुल्ल करून थोडी उष्णता काढून घेता येते. मेमध्ये घाम फुटेल, पण इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, वाचू शकतं. आणि पाइप बुचं मारून बंद करणं तर धोक्याचंच, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायची वाट हीटरमधूनच असते. कॉइल फुटली असेल, म्हणजे काचेवर तेलकट थर, गोडसर वास, पायाखाली ओलं मॅटिंग, तर नवी येईपर्यंत दोन्ही तोंडं एका होजने एकमेकांना जोडा.

भाऊजींच्या जीपला आता काचेखालच्या तोंडावर आतून तारेची जाळी लावली आहे. त्यांनी आधी मच्छरदाणीची लावली होती. ती दोन आठवड्यांत धुळीने बुजली आणि वारा पुन्हा मंद झाला. उंदीर अडेल पण हवा जाईल अशी, साधारण ५ मिलिमीटर भोकाची गॅल्व्हनाइज्ड जाळी पुरते, आणि पाऊस संपला की ती एकदा काढून झटकायची.