रस्त्याचं नाव अंकलेश्वर, तेलाचा भाव दुबईचा

परवा आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा पेटलं. एकानं टाकलं, "अंदमानात तेल सापडलं, आता अरबांचे दिवस भरले." दुसऱ्यानं 2014 च्या आधीचे पेट्रोलचे भाव काढले. तिसऱ्यानं "आधी कोणी खोदलंच नाही" म्हणत नेहरूंना आणलंच. रात्री साडेअकरापर्यंत चाललं.

अंदमानात सप्टेंबर 2025 मध्ये सापडला तो वायू, तेल नव्हे. आणि सापडणं वेगळं, टाकीत पडणं वेगळं. राजस्थानातल्या बाडमेरचं मंगला तेलक्षेत्र सापडलं 2004 साली, तेल वाहू लागलं 2009 ला. तेही कोरड्या जमिनीवर, खोल समुद्रात नाही.

आता नेहरूंचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्यावरून जाणाऱ्या रस्त्याचं नावच बऱ्हाणपूर-अंकलेश्वर. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा करत तो गुजरातेत अंकलेश्वरला पोचतो, तिथे 1960 साली तेल लागलं. परदेशी कंपन्यांना इथं तेल शोधण्यात फारसा रस नव्हता, म्हणून नेहरूंचे मंत्री केशवदेव मालवीय यांनी सोव्हिएत तज्ज्ञ आणले होते. पुढे 1974 ला मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हाय. म्हणजे 'कोणी खोदलंच नाही' हे खोटं. (रस्त्यावरचे खड्डे मात्र आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खोदत आलोय, तेल काही लागलं नाही.)

पण दुसऱ्या बाजूनंही फार छाती काढू नये. 2015 मध्ये पंतप्रधानांनी सांगितलं होतं, तेलाची आयात गरजेच्या 77 टक्क्यांवर आहे, ती 2022 पर्यंत 10 टक्क्यांनी खाली आणू. आज ती 85 च्या वर गेलीय. 2011-12 मध्ये देशात सुमारे 3 कोटी 80 लाख टन कच्चं तेल निघायचं, आता 3 कोटीही भरत नाही. विहिरी म्हाताऱ्या झाल्या आणि आपली गाड्यांची हौस तरुणच राहिली. हे उत्पादन दोन्ही राजवटींत घसरलंय, त्यामुळे भांडायला दोघांनाही सारखाच माल आहे.

या सगळ्या गदारोळात कामाचा प्रश्न एकच आला, तो आमच्या काकांचा. ट्रॅक्टर त्यांचा, कल्टीचा, म्हणजे ट्रॅक्टरनं मशागत करून देण्याचा, दर डिझेलवर ठरवणारे तेच. सकाळी ओट्यावर म्हणाले, "आपला वावरमा तेल निंघनं तरी पंपवर भाव तोच ऱ्हाई ना भाऊ?"

तोच राहणार, काका. देशातल्या विहिरीतलं तेलही आंतरराष्ट्रीय भावालाच विकलं जातं. आणि कच्चं तेल स्वस्त झालं तरी पंपावर उतरेलच असं नाही. मे 2020 मध्ये ते मातीमोल झालं होतं, तेव्हा केंद्रानं पेट्रोलवर लिटरला 10 आणि डिझेलवर 13 रुपये कर वाढवून घेतला. त्यामुळे "खोदा म्हणजे स्वस्त होईल" असं म्हणणारा पुढारी दारात आला तर त्याला चहा पाजा, मत देताना विचार करा.

मग खोदूच नये का? खोदावं. माझं तेच म्हणणं आहे, फक्त कारण वेगळं आहे. 2025 साल आठवा. 2022 नंतर आपण रशियाचं तेल घ्यायला लागलो, आयातीत 2 टक्क्यांहून कमी होतं ते एक तृतीयांशाच्या पुढे गेलं. स्वस्त मिळत होतं, घेतलं, त्यात चूक काय? पण ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं त्याच कारणावर आपल्या मालावर 25 टक्के जादा कर बसवला. कपड्याची निर्यात अडली. मग गिरण्यांना दिलासा म्हणून केंद्रानं बाहेरच्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. नेमका आमचा कापूस घरात यायच्या वेळेला! त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला 8110 रुपये, आणि खेडा खरेदीवाला गाडी उभी करून म्हणायचा, "बाहेरचा माल स्वस्त येतोय, परवडत नाही." तेल रशियाचं, कर अमेरिकेचा, मार खाल्ला चोपड्याच्या कापसानं. परावलंबन म्हणतात ते हे. पंपाच्या पावतीवर ते दिसत नाही, कापसाच्या काट्यावर दिसतं.

म्हणून खोदा, पण जाळायचंही कमी करा. मुंबई-आग्रा रोडनं मध्य प्रदेशाच्या हद्दीवरचा बिजासन घाट चढणाऱ्या ट्रकांची रांग एकदा उभं राहून बघा. मनमाड-इंदूर रेल्वेला सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली, 309 किलोमीटर, 18036 कोटी, धुळ्यावरून. माल रुळांवर गेला तर वाचणारं डिझेल कुठल्याही समुद्रात शोधावं लागणार नाही. आमच्या ग्रुपवर या रेल्वेचं नाव शेवटचं कधी आलं होतं ते मी काल वर सरकवून सरकवून पाहिलं. मंजुरीच्या दिवशी. दोन अंगठे आणि एक फटाका.

काकांना कापसाचं हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, तंबाखू मळली आणि विचारलं, "मंग औंदा मका लावू का कापूस?"